ठेका कोणी धरायचा?

२८ एप्रिल २०२५ला दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांची वीज गेली. काही सेकंदांत सुमारे पंधरा हजार मेगावॅट निर्मिती ग्रीडवरून नाहीशी झाली. मेट्रो बोगद्यात अडकल्या, सिग्नल बंद पडले, माणसे लिफ्टमध्ये कोंडली. माद्रिदमध्ये दिवे परत लागायच्या आत आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर निकाल लागून गेला होता. एका गटाने सांगितले, सौरऊर्जेच्या नादी लागलात की असेच होणार, शेवटी कोळसाच तारतो. दुसऱ्याने सांगितले, ही सगळी कोळसावाल्यांची बोंब, सूर्याचा यात काय दोष? तेव्हापासून राजस्थानात एखादा मोठा सौर प्रकल्प ट्रिप झाला की हीच दोन भाषणे ऐकू येतात, वक्ते तेवढे बदलतात.

मला दोन्ही भाषणे सारखीच निरुपयोगी वाटतात. इंधन कोणते, यावर ही मंडळी हमरीतुमरीवर येतात, आणि ज्या खोक्यातून ती वीज ग्रीडवर चढते त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. तो खोका म्हणजे इन्व्हर्टर, पॅनेलमधली एकदिश (डीसी) वीज ग्रीडच्या उलटसुलट वाहणाऱ्या (एसी) विजेत बदलणारा. त्याने संकटात कसे वागावे हे कोणी ठरवायचे, तो प्रत्यक्षात तसाच वागतो का हे कोणी तपासायचे आणि त्या वागण्याचे पैसे कोणी मोजायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे नक्की होण्याआधीच जगभर हजारो मेगावॅट जोडले गेले. ग्रीड कोसळल्याच्या ज्या घटनांत इन्व्हर्टरचा हात दिसतो, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच घाई सापडते.

आधी ‘दुबळे ग्रीड’ म्हणजे काय ते पाहू. फीडरच्या शेवटच्या टोकाला ज्याने साडेसात एचपीची मोटार चालवली आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मोटारीचे बटण दाबले की घरातला बल्ब मंदावतो, शेजारच्या विहिरीवरची मोटार घुरघुरायला लागते, कधी उचलतच नाही. तीच मोटार उपकेंद्राच्या शेजारी लावली तर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे एका जागी थोडी वीज ओढली किंवा ढकलली तर तिथले व्होल्टेज किती हलते, यावर त्या जागेची ताकद ठरते. इंजिनिअर मंडळी यासाठी शॉर्ट सर्किट रेशो नावाचा आकडा वापरतात. तो वीस-पंचवीस असला तर निर्धास्त राहावे, तीनच्या खाली गेला तर ती जागा दुबळी समजावी आणि दोनच्या खाली गेला तर फारच दुबळी. आता गंमत अशी की उत्तम ऊन पडते ते राजस्थानातल्या भडला, फतेहगढसारख्या ओसाड प्रदेशात, आणि ओसाड प्रदेशात शहरे नसतात, कारखाने नसतात, मोठी वीजकेंद्रेही नसतात. एका लांबलचक वाहिनीच्या टोकाला हजारो मेगावॅट टांगलेले असतात. देशातले सर्वांत मोठे सौर प्रकल्प ग्रीडच्या शेवटच्या विहिरीवर बसलेले आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

अशा जागी इन्व्हर्टर का बिथरतो? आषाढी वारीची दिंडी डोळ्यांसमोर आणा. मृदंगावर एक-दोघे असतात, टाळकरी शंभर. टाळकऱ्याने मृदंगाचा ठेका ऐकायचा आणि त्यावर टाळ मारायचा. आजचे बहुसंख्य इन्व्हर्टर असे टाळकरी आहेत. ग्रीडच्या व्होल्टेजची लय ते फेज-लॉक्ड लूप नावाच्या कानाने ऐकतात आणि त्या लयीवर आपला करंट सोडतात. ग्रीड मजबूत असेल तर मृदंग खणखणीत ऐकू येतो. ग्रीड दुबळे असेल तर इन्व्हर्टर जो करंट सोडतो त्यानेच त्याच्या टोकाचे व्होल्टेज हलते. म्हणजे टाळकऱ्याला मृदंगाऐवजी स्वतःच्याच टाळाचा प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. तो त्या प्रतिध्वनीशी जुळवून घेतो, त्यामुळे प्रतिध्वनी आणखी बदलतो, मग तो पुन्हा जुळवून घेतो. शेजारी त्याच कंपनीचे, त्याच सॉफ्टवेअरचे चारशे टाळकरी उभे असले तर काय होईल? व्होल्टेज डुलायला लागते, आणि डुलता डुलता एक क्षण असा येतो की एकेक जण हात आखडता घेतो.

कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच येतो आणि तो मान्य केलाच पाहिजे. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रातले शेकडो टन वजनाचे चाक मिनिटाला तीन हजार किंवा त्याहून कमी फेरे घेत असते. ग्रीडवर धक्का बसला की कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता त्या चाकातली ऊर्जा ग्रीडला मिळते. याच गुणाला इनर्शिया म्हणतात. शॉर्ट सर्किट झाले तर असे यंत्र आपल्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट क्षणभर देऊ शकते. त्यामुळे रिलेला, म्हणजे बिघडलेला भाग तोडणाऱ्या संरक्षक उपकरणाला, दोष ओळखता येतो आणि आसपासचे व्होल्टेज पार झोपत नाही. इन्व्हर्टरमधले सेमीकंडक्टर स्विच इतका करंट सहन करू शकत नाहीत. ते फार तर सव्वापट, दीडपट देतात आणि मग स्वतःला वाचवायला मर्यादा घालतात. कोणत्याही धोरणाने किंवा अनुदानाने हे बदलणार नाही, सिलिकॉनचा तो स्वभावच आहे. ‘इनर्शिया म्हणजे जुनाट लोकांचा बागुलबुवा’ असे म्हणणारे सौरप्रेमी मला भेटतात तेव्हा त्यांना एखाद्या रिले टेस्टिंग करणाऱ्याबरोबर दिवसभर बसवावेसे वाटते.

पण या मुद्द्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की फिरते चाक जात्याच शहाणे आणि इन्व्हर्टर जात्याच उपद्व्यापी, तो इतिहासाला धरून नाही. दोन अल्टरनेटर एकाच तारांना जोडून समांतर चालवता येतील का, यावर एकोणिसाव्या शतकात वाद होता. जॉन हॉपकिन्सनने १८८४मध्ये ते शक्य असल्याचे गणिताने आणि प्रयोगाने दाखवले. तरीही पुढे कित्येक वर्षे यंत्रे एकमेकांशी झोंबायची, वेग मागेपुढे व्हायचा, दिवे लुकलुकायचे. त्यातून यंत्राच्या फिरत्या भागावर, रोटरवर, हे डोलणे शमवणारे डॅम्पर वाइंडिंग बसवायची युक्ती रूढ झाली. त्याही आधी वाफेच्या इंजिनाचा वेग आवरायला बसवलेला गव्हर्नर स्वतःच डोलायला लागतो, हे कोडे मॅक्सवेलने १८६८मध्ये समीकरणांत मांडले. नियंत्रण करणारी वस्तूच अस्थिरता आणते, ही तक्रार इन्व्हर्टरच्या कितीतरी आधीची, दीडशे वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या मोहावी केंद्राची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. केंद्र पक्के कोळशाचे. डिसेंबर १९७०मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १९७१मध्ये तिथल्या जनित्राच्या जाडजूड पोलादी शाफ्टचे नुकसान झाले. लांब वाहिनीत बसवलेले सिरीज कपॅसिटर आणि शाफ्टची पीळ खाण्याची नैसर्गिक लय एकमेकांत अडकली होती. त्यानंतर कोणी म्हणाले का, की कोळसा ग्रीडला मानवत नाही? इंजिनिअर कामाला लागले, अभ्यास झाला, फिल्टर आणि संरक्षक रिले आले, आणि नव्या केंद्राच्या आराखड्यात हा धोका आधी तपासायचा प्रघात पडला. आज आपण ज्या ‘भरवशाच्या’ फिरत्या यंत्राची आरती करतो, त्याचा भरवसा शंभर वर्षांच्या चुका पचवून आलेला आहे.

आणि कन्व्हर्टर दुबळ्या ग्रीडवर रुसतो हे महाराष्ट्राला सौरऊर्जेने शिकवलेले नाही. चंद्रपूर ते पडघे ही पाचशे किलोव्होल्टची, दीड हजार मेगावॅटची, ७५२ किलोमीटर लांबीची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची एकदिश वीज नेणारी, वाहिनी १९९९पासून चालू आहे. विदर्भातली कोळशाची वीज ती मुंबईच्या उंबरठ्यावर आणून टाकते. तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टर नावाच्या सेमीकंडक्टर स्विचचे, एसी-डीसी अदलाबदल करणारे कन्व्हर्टर आहेत (इन्व्हर्टर हा त्यातलाच एक प्रकार), आणि थायरिस्टर बंद व्हायला समोरच्या ग्रीडच्या व्होल्टेजचाच आधार लागतो. पडघ्याच्या बाजूला कुठे दोष येऊन व्होल्टेज खचले तर एका थायरिस्टरकडून दुसऱ्याकडे करंट जायची पाळी चुकते आणि क्षणभर वीज पोचतच नाही. म्हणून अशी वाहिनी आखताना पलीकडचे ग्रीड किती ताकदीचे, हा पहिला प्रश्न असतो. तिच्याजवळ फिल्टर आणि कपॅसिटरची बेगमी करावी लागते, नियंत्रणाची प्रयोगशाळेत चाचणी घ्यावी लागते. दीड हजार मेगावॅटच्या एका कन्व्हर्टरसाठी एवढी तयारी करणारे आपण, दोन हजार मेगावॅटचे सौर पार्क शेकडो छोट्या कन्व्हर्टरमध्ये विभागलेले असल्यामुळे बेफिकीर झालो. लहान लहान तुकड्यांची बेरीज मोठीच होते, हे किराणा दुकानदाराला कळते.

आता प्रत्यक्ष घटना पाहू. २८ सप्टेंबर २०१६ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले. दोन मिनिटांत व्होल्टेजने पाठोपाठ अनेक गटांगळ्या खाल्ल्या. नऊ पवन प्रकल्पांनी मिळून ४५६ मेगावॅट निर्मिती सात सेकंदांच्या आत कमी केली, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर सगळा भार पडला, ती तुटली आणि अख्खे राज्य अंधारात गेले. पवनचक्क्या वाऱ्याने थांबल्या नव्हत्या. ठरावीक वेळात ठरावीक वेळा व्होल्टेज खचले की माघार घ्यायची, अशी एक सेटिंग त्यांच्या नियंत्रकात होती, आणि ग्रीड चालवणाऱ्यांना ती माहीतच नव्हती. नंतर तो आकडा वाढवून घेतला. पाती तीच राहिली, वारा तोच राहिला.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला दक्षिण कॅलिफोर्नियात वणव्याच्या धुराने वाहिनीवर दोष आला आणि सुमारे बाराशे मेगावॅट सौरनिर्मिती गायब झाली. दोष काही क्षणांत निवळला होता. पण व्होल्टेजच्या लहरीला बसलेल्या हिसक्यामुळे अनेक इन्व्हर्टरांनी फ्रिक्वेन्सी चुकीची मोजली आणि ग्रीडच कोसळले असे समजून ते बंद पडले. मृदंग चालूच होता, टाळकऱ्याच्या कानात दडा बसला होता. ९ ऑगस्ट २०१९ला इंग्लंडमध्ये वाहिनीवर वीज पडली. तिकडे ही नित्याची गोष्ट आहे. पण समुद्रातल्या हॉर्नसी पवन प्रकल्पाचे नियंत्रण डोलायला लागले आणि ७३७ मेगावॅट निघून गेले. एक गॅस केंद्रही त्याच वेळी पडले, फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५०वरून ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांचा पुरवठा तोडावा लागला. हॉर्नसीचे सॉफ्टवेअर दुसऱ्याच दिवशी बदलण्यात आले. लंडनभोवतीच्या काही नव्याकोऱ्या लोकल मात्र तासन्‌तास रुळांवर उभ्या राहिल्या, कारण फ्रिक्वेन्सी ४९च्या खाली गेली की बंद व्हा, असे त्यांच्या कन्व्हर्टरला शिकवलेले होते, आणि काही गाड्या पुन्हा सुरू करायला लॅपटॉप घेऊन तंत्रज्ञ यावा लागला. लोकलवर कोणी सौरऊर्जेचा आरोप केल्याचे माझ्या वाचनात नाही.

या सगळ्या घटनांतला धागा आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणत्याही अहवालापेक्षा लवकर कळेल, कारण त्याच्या पंपावर ऑटो स्विच असतो. रात्री-अपरात्री वीज आली की उठून विहिरीवर जायला नको, म्हणून प्रत्येकाने आपापल्या सोयीने तो बसवला. एकेका माणसाच्या दृष्टीने तो शहाणपणा आहे. पण फीडर सुरू झाला की एकाच क्षणी चाळीस मोटारी उचलतात आणि डीपी जळते. मग गाव आठवडाभर अंधारात. महावितरण वर्षानुवर्षे ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ म्हणून विनवत आले आहे. जर्मनीसारख्या काटेकोर देशाने याच चुकीचा सरकारी नियम केला होता. फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की छतावरचे सौर संच तत्काळ तुटले पाहिजेत, असा जुना दंडक होता. संच थोडे होते तोवर तो सुरक्षिततेचा नियम होता. ते लाखांत गेल्यावर लक्षात आले की एका ठरावीक आकड्यावर हजारो मेगावॅट एकाच वेळी गळून पडतील. २०१२मध्ये खास अध्यादेश काढून सुमारे तीन लाख पंधरा हजार जुने संच बदलून घ्यावे लागले. संकट कोणत्याही यंत्रातल्या बिघाडातून आले नसते, प्रत्येक यंत्राने नियम तंतोतंत पाळल्यामुळे आले असते.

आणि स्पेन? तिथे सुरुवातीला सगळे ‘इनर्शिया कमी होती’ म्हणत होते. चौकशीत पुढे आले ते वेगळेच: दोष व्होल्टेज वाढण्याचा होता. त्या दिवशी १२ वाजून ३ मिनिटांनी ग्रीडवर एक हेलकावा उठला, त्याचा उगम बादाहोस भागातल्या एका सौर प्रकल्पाकडे दाखवला गेला. १२ वाजून १९ मिनिटांनी दुसरा उठला. तो शमवण्यासाठी संचालकांनी बंद ठेवलेल्या वाहिन्या जोडल्या, फ्रान्सकडे जाणारी वीज कमी केली. डोलणे थांबले, पण कमी भाराच्या लांब वाहिन्या स्वतःच व्होल्टेज वाढवतात, तसे ते वाढत गेले. अशा वेळी कोणीतरी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष काम न करता व्होल्टेज चढवणारी-उतरवणारी वीज, शोषून व्होल्टेज खाली ओढायचे असते. स्पेनच्या नियमावलीत २००० सालापासून हे काम मोठ्या फिरत्या केंद्रांचे होते. सरकारी अहवालानुसार त्यातल्या अनेकांनी, या कामासाठी नेमलेले असूनही, अपेक्षेइतकी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषली नाही. कंपन्यांना ते मान्य नाही, त्या ग्रीड संचालकाकडे बोट दाखवतात. सौर प्रकल्पांना तर व्होल्टेज सांभाळायची मुभाच नव्हती. त्यांनी पॉवर फॅक्टर, म्हणजे निर्मितीशी या शोषणाचे प्रमाण, ठरावीक ठेवायचा, एवढाच नियम. परिणामी त्यांची निर्मिती घटली की त्यांचे शोषणही घटायचे, आणि व्होल्टेज आणखी वर जायचे. मग ग्रॅनडातला एक ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला, पाठोपाठ बादाहोस, सेव्हिल. प्रत्येक ट्रिपने शोषणारा एकेक हात कमी केला.

यात सूर्य दोषी की चाक? चाकांना काम दिले होते, ते पुरे झाले नाही. इन्व्हर्टरांना ते काम करता येत होते, पण दिलेच नव्हते. नियम बदलायचा प्रस्ताव काही वर्षे कागदावर होता. तो मंजूर झाला जून २०२५मध्ये, अंधारानंतर दीड महिन्यात.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण माझा अधिक राग तिकडे आहे. ज्यांच्याकडून अधिक अपेक्षा, त्यांच्यावर अधिक राग. सौरऊर्जेच्या समर्थकांत सध्या ‘ग्रीड-फॉर्मिंग’ हा मंत्र झाला आहे. मृदंग ऐकणाऱ्या इन्व्हर्टरऐवजी स्वतः ठेका धरणारा इन्व्हर्टर, सोबत बॅटरी, आणि झाले काम! मंत्रात तथ्य आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात डॅलरिंपल येथे २०१८पासून अशी ३० मेगावॅटची बॅटरी चालते, आणि हॉर्न्सडेलच्या मोठ्या बॅटरीला २०२२मध्ये कृत्रिम इनर्शिया द्यायची परवानगी मिळाली. आयर्लंड तर एका क्षणी ग्रीडवरच्या विजेपैकी ७५ टक्क्यांपर्यंत वाटा बिनचाकी स्रोतांचा चालवून घेते. ते एका रात्रीत झाले नाही. मर्यादा पन्नास टक्क्यांवरून पाच-पाच टक्क्यांनी, चाचण्या घेत वर नेली, आणि स्थिरतेच्या सेवांना वेगळा मोबदला ठरवला. पण ठेका धरणाऱ्या इन्व्हर्टरची करंटची मर्यादा तीच असते. शॉर्ट सर्किट झाले आणि तो मर्यादेला टेकला की त्याचे वागणे एकदम बदलते, आणि त्या वेळी नेमके काय करावे यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. उलट फार मजबूत ग्रीडला जोडला तर असाच इन्व्हर्टर अस्वस्थ होतो: दोन मृदंग, दोघेही ठेका सोडायला तयार नाहीत. कुठे टाळकरी, कुठे मृदंगी आणि कुठे केवळ वजनदार चाक फिरवणारा सिंक्रोनस कंडेन्सर, हे जागा पाहून ठरवावे लागते. मंत्र म्हणून भागत नाही.

आणि पैशाचे काय? २०१७मध्ये भडलाच्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैसे दर आला तेव्हा आपण पेढे वाटले. तो दर उन्हापासून युनिट बनवायचा होता. ते युनिट दुबळ्या टोकावर स्थिरपणे टिकवायला लागणारे, व्होल्टेज सांभाळणारे स्टॅटकॉम, कंडेन्सर, जादा वाहिनी, यांचा खर्च त्यात नव्हता. तो पारेषणाच्या बिलातून सगळ्यांवर पसरतो. सौर स्वस्त नाही, असे मी म्हणत नाही. हा खर्च धरूनही ती परवडते, असे माझे मत आहे. पण हिशेब अर्धा दाखवला की उरलेला अर्धा विरोधक दाखवतात, आणि तो फुगवून दाखवतात. एक आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो: भारतासारख्या देशाने इतके कडक नियम लावले तर प्रकल्प रखडतील, छोटे उद्योजक बाजूला पडतील, आणि तोवर कोळसा जळत राहील. घाईला कारण आहे, हे खरे. पण २०३०पर्यंत पाचशे गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे लक्ष्य ठेवलेल्या देशाला जुने संच उघडून दुरुस्त करणे नव्यात नियम घालण्यापेक्षा किती महाग पडेल? जर्मनीला तीन लाख संचांचा हिशेब करावा लागला. आपला आकडा तेवढ्यावर थांबेल का?

राजस्थानात ही वेळ येऊन गेली आहे. २०२२पासून तिथे अनेकदा एकेका दोषानंतर हजार मेगावॅटहून अधिक सौर-पवन निर्मिती काही क्षणांत कमी झाली. व्होल्टेज खचल्यावर तग धरायची, किंवा दोष सुटल्यावर ते उसळले तरी टिकून राहायची नियमातली अपेक्षा अनेक प्रकल्पांनी पुरी केली नाही, हे देशाचे ग्रीड चालवणारी ग्रीड-इंडिया आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अहवालांत येत राहिले. कागदावर हे सगळे प्रकल्प नियमांत बसणारे होते. मग चुकले कुठे? प्रयोगशाळेत एक इन्व्हर्टर तपासला जातो. वाळवंटात असे शेकडो इन्व्हर्टर, मैलभर केबल, ट्रान्सफॉर्मर आणि वर एक पार्क कंट्रोलर अशी अख्खी दिंडी उभी असते. दिंडीची तालीम कोणी घेतलेली नसते. संगणकावर ती घ्यायची तर इन्व्हर्टरच्या नियंत्रणाचे खरे मॉडेल लागते, आणि उत्पादक ते व्यापारी गुपित म्हणून बंद पाकिटात देतो किंवा एक ढोबळ मॉडेल पाठवून मोकळा होतो. गुपित जपायचा त्याचा हक्क मी नाकारत नाही. पण पुलाचा ठेकेदार ‘सिमेंटचे प्रमाण आमचे गुपित’ म्हणाला तर आपण त्यावरून एसटी नेऊ का? जिथे हे पाकीट उघडले तिथे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वेस्ट मरे भागात पाच सौर प्रकल्पांची निर्मिती व्होल्टेज डोलण्याच्या भीतीने निम्म्यावर आणली होती. मालक हवालदिल झाले. सात महिने ग्रीड संचालक, पारेषण कंपनी आणि इन्व्हर्टर उत्पादक एकत्र बसले, तपशीलवार मॉडेलवर तालीम झाली, इन्व्हर्टरच्या सेटिंग बदलल्या, आणि एप्रिल २०२०मध्ये पाचही प्रकल्प मोकळे झाले. एकही नवे चाक बसवावे लागले नाही.

जाता जाता एक आठवण करून देतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारत लागोपाठ दोन दिवस अंधारात गेला, दुसऱ्या दिवशी सुमारे बासष्ट कोटी लोकांच्या भागात वीज नव्हती. तेव्हा देशातली सौरक्षमता जेमतेम हजार मेगावॅटच्या आसपास होती. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई थांबली ती कळवा-पडघे वाहिन्यांच्या गोंधळात. त्यातही इन्व्हर्टर नव्हता.

महाराष्ट्रात हा प्रश्न वाळवंटात नाही, बांधावर येतो आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सोळा हजार मेगावॅटचे छोटे सौर प्रकल्प गावोगावच्या उपकेंद्रांना, पाच-दहा किलोमीटरच्या परिसरात जोडायचे आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, रात्री साप-विंचवाच्या भीतीने पाणी धरायला लागू नये, या मागणीसाठी माणसांनी आंदोलने केली आहेत. योजना मला मनापासून हवी आहे. ऊन आणि पंप एकाच वेळी चालतात, वाहिनीवरची गळती कमी होते, टोकाचे व्होल्टेज सुधारते. पण श्रावण डोळ्यांसमोर आणा. पंप बंद आहेत, शेताला पाणी नको आहे, आणि दोन सरींच्या मध्ये लख्ख ऊन पडले. फीडरवर भार नाही, निर्मिती भरपूर. टोकाचे व्होल्टेज चढते. इन्व्हर्टर युनिटी पॉवर फॅक्टरवर, म्हणजे असे शोषण शून्य ठेवून, बांधलेले असतील तर ते व्होल्टेज खाली ओढणार नाहीत, मर्यादा ओलांडली की बंद होतील. सगळे एकाच आकड्यावर बंद होतील, ठरलेली तेवढीच मिनिटे थांबतील आणि एकदमच परत येतील. तेवढ्यात पुढचा ढग आलेला असेल. चाळीस पंपांचा ऑटो स्विच आपण नव्याने, चकचकीत पेटीत घालून, सरकारी योजनेतून बसवलेला असेल.

हे टाळायला शोध लावावा लागत नाही. व्होल्टेज चढले की इन्व्हर्टरने रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषावी, परतताना प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी आणि हळूहळू चढावे, या सोयी आजच्या बहुतेक इन्व्हर्टरांत असतात. त्या चालू आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न. गेल्या पावसाळ्यात मी अशाच एका उपकेंद्रात गेलो होतो. शेजारच्या माळावर निळ्या पॅनेलच्या रांगा नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. ऑपरेटरने चहा पाजला, लॉगशीट दाखवली: दर तासाचे व्होल्टेज, अँपिअर, ट्रान्सफॉर्मरचे तापमान, सगळे स्वच्छ अक्षरात. त्या सौर प्रकल्पाचे इन्व्हर्टर किती व्होल्टला बंद पडतात आणि किती मिनिटांनी परततात, असे मी विचारले. त्याने शीट उलटसुलट पाहिली. त्यासाठी तिच्यावर रकानाच नव्हता.